शेजारच्या वाड्यातले आपले माणूस : लोकशाहीर अण्णा भाऊ साठे



तुम्ही परतूरच्या आसपासच्या कोणत्याही गावात राहत असाल, तर तुमच्या वस्तीला लागून दुसरी एक वस्ती असेल. एकीला पूर्वी महारवाडा म्हणत, दुसरीला मांगवाडा. दोन्ही वस्त्या गावकुसाबाहेर, दोन्हींच्या नशिबी एकच हेटाळणी. तरीही या दोन वस्त्यांमध्ये एक अदृश्य भिंत उभी होती. एकमेकांच्या घरचे पाणी चालत नव्हते, एकमेकांच्या पंगतीला बसणे चालत नव्हते. वरच्याने खालच्याला तुडवावे आणि खालच्याने त्याच्याही खालचा कोणी शोधावा, ही जातीच्या उतरंडीची शिकवण होती. धम्मदीक्षा घेताना ही उतरंड आपण टाकून दिली, असे आपण म्हणतो. ती खरोखर टाकली की नाही, हे आपले आपण तपासायचे असते.

अशी तपासणी करताना उपयोगी पडेल असे एक जीवनचरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे. हे चरित्र मांगवाड्यात जन्मलेल्या एका माणसाचे आहे. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली नव्हती. ते आयुष्यभर कामगार चळवळीत, लाल बावट्याखाली वाढले. पण त्यांच्या ज्या कादंबरीला १९६१ साली महाराष्ट्र सरकारचा पुरस्कार मिळाला, ती कादंबरी त्यांनी परमपूज्य बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. त्या माणसाचे नाव अण्णा भाऊ साठे.

अण्णा भाऊंचे पाळण्यातले नाव तुकाराम. वडिलांचे नाव भाऊराव, आईचे नाव वालुबाई. जन्म १ ऑगस्ट १९२० चा. गाव वाटेगाव, तालुका वाळवा. तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली जिल्हा. आपल्या परतूर-मंठ्याकडून दर हंगामाला ज्या टोळ्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात, त्यांच्यापैकी कित्येकांनी वारणा-कृष्णाकाठचा हा मुलूख पाहिला असेल. आज तिथे ऊस आणि कारखाने दिसतात. त्या काळी तिथल्या मांगवाड्यात उपासमार होती, आणि उपासमारीच्या जोडीला सरकारी हजेरी होती.

ही हजेरी म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. या कायद्याने माणूस काय करतो हे पाहिले नाही, तो कोणाच्या पोटी आला एवढेच पाहिले. जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेल्या. वाळवे भागातील मांग-रामोशी मंडळींना हजेरी द्यावी लागे. परगावी जायचे तर परवानगी लागे. गावात चोरी झाली की पहिला फटका त्यांच्या पाठीवर बसे. ज्या समाजाने गावाला दोर वळून दिले, केरसुण्या दिल्या, सण-समारंभाला हलगी वाजवून दिली, त्याच्या कपाळावर कायद्याने चोर असा शिक्का मारला. आपल्याकडे तेव्हा निजामाचे राज्य होते, तिकडे इंग्रजांचे. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला दोन्ही राज्ये सारखीच होती. हा कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणजे अण्णा भाऊंच्या आयुष्याची बत्तीस वर्षे तो या देशात होता.

अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची, असे सारेच चरित्रकार सांगतात. मास्तरांनी हिणवले, छडी मारली आणि पोर शाळेतून निघाले ते कायमचेच. ही गोष्ट ऐकून कोणी असा अर्थ काढू नये की शाळेवाचून मोठे होता येते. हजारो पोरे अशी दीड दिवसात शाळेबाहेर फेकली गेली, आणि त्यांतले एखादेच अण्णा भाऊ झाले. बाकीच्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही. याच कारणासाठी बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. मराठवाड्यातल्या आपल्या मुलांना पुन्हा कोणी दीड दिवसात हाकलून देऊ नये, हाच त्यामागचा हेतू होता.

घरात खायला नाही म्हणून साठे कुटुंबाने गाव सोडले. अण्णा भाऊ तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून मायबाप आणि पोरे वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी निघाली. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल ते खायचे आणि पुढचा मुक्काम गाठायचा. आज परतूर स्टेशनावर मुंबईच्या गाडीला जी गर्दी होते, तिच्यात पोटासाठी गाव सोडणारी माणसे कमी नसतात. गावाकडे मागे वळून पाहणारी ती नजर अण्णा भाऊंच्या लिखाणात जागोजागी सापडते, कारण ती त्यांची स्वतःचीच नजर होती.

मुंबईत त्यांनी काय केले नाही? हमाली केली, फेरीवाल्याच्या मागे ओझे वाहिले, घरगडी झाले, गिरणीत राबले. अक्षरे ते इथेच शिकले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत वाचत ते वाचायला शिकले, असे सांगतात. गिरणगावात त्यांना कामगारांच्या सभा भेटल्या, संप भेटले, आणि कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते भेटले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांनी चळवळीचे धडे घेतले. मध्यंतरी गावी परतल्यावर ते आपले चुलतबंधू बापू साठे यांच्या तमाशात राहिले. ढोलकी, हलगी, तुणतुणे यांच्यावर त्यांचा हात बसला आणि हजारो लोकांपुढे उभे राहण्याची हिंमत अंगी आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. बंगालमध्ये १९४३ साली भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नान्न करून मेली; त्यावरही त्यांचा पोवाडा झाला. कुठे वाटेगाव, कुठे स्टालिनग्राड आणि कुठे बंगाल! पण भुकेल्याला भुकेल्याचे दुःख कळायला नकाशा लागत नाही. १९४४ साली त्यांनी शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. या तिघांचे कलापथक महाराष्ट्रभर फिरले. गिरणीच्या फाटकापाशी, शेताच्या बांधावर, चाळीच्या अंगणात त्यांचे कार्यक्रम झाले.

इथे एक गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी. तमाशाची सुरुवात पूर्वी गणपतीच्या स्तवनाने होत असे आणि त्यामागोमाग कृष्ण व गवळणींची थट्टामस्करी येत असे. अण्णा भाऊंनी आपल्या गणातून देवाला रजा दिली आणि त्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना व कष्टकऱ्यांना वंदन केले. गवळण तर त्यांनी काढूनच टाकली. बाईची टिंगल करून हसू पिकवणे त्यांना नामंजूर होते. धम्माची दीक्षा न घेताही ज्याने रंगमंचावरून देवस्तुती आणि स्त्रीची विटंबना दोन्ही हद्दपार केल्या, त्याला आपण परका कसे म्हणायचे?

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. तमाशावर बंदी आली तेव्हा तोच खेळ लोकनाट्य या नावाने उभा राहिला. पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. त्या लढ्यात अण्णा भाऊंची शाहिरी गावोगाव पोहोचली. मुंबईत आलेल्या कामगाराची बायको गावी मागे राहिली आहे, एवढीच साधी कल्पना घेऊन त्यांनी एक छक्कड रचली. ती ऐकताना गिरणीकामगाराला आपले घर आठवले, आणि बेळगाव-कारवारकडच्या माणसाला आपली तुटलेली भूमी आठवली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई मिळाली, बेळगाव-कारवार मात्र बाहेरच राहिले.

आता कादंबरीकार अण्णा भाऊंकडे वळू. त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे, लावण्या आणि रशियाचे प्रवासवर्णन हे सारे निराळेच. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाचा हा संसार आहे. यातली मुकुटमणी शोभणारी कादंबरी म्हणजे १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’.

फकिरा हा वाटेगावचाच, अण्णा भाऊंच्या नात्यातला. इंग्रजांच्या दप्तरी तो दरोडेखोर होता. अण्णा भाऊंनी ते दप्तर बाजूला सारून माणसाकडे पाहिले. फकिराचा बाप राणोजी गावाच्या इभ्रतीसाठी जोगणी आणायला जातो आणि मारला जातो. बापानंतर पोर वाढते. गावावर रोगराई येते, दुष्काळ येतो, मांगवाड्यात माणसे भुकेने तडफडू लागतात. फकिरापुढे प्रश्न उभा राहतो : कायदा पाळून पोरे मरू द्यायची, की कायदा मोडून ती जगवायची? तो धान्य लुटतो आणि उपाशी वस्तीत वाटतो. सरकारचा खजिनाही लुटतो. शेवटी सरकार त्याच्या मागे लागून निरपराध बायका-मुलांना वेठीस धरते, तेव्हा आपल्या माणसांच्या जिवासाठी तो आपण होऊन स्वाधीन होतो. मरण समोर दिसत असताना त्याने घेतलेला हा निर्णय वाचताना डोळे भरून येतात.

अण्णा भाऊंच्या आईविषयी एक आठवण त्या भागात सांगतात. अण्णा भाऊ जन्मले त्या सुमारास फकिराने बाळंतिणीसाठी लुटीतले रुपये ओंजळीने दिले होते म्हणे. ही आठवण खरी धरली, तर पुढे त्याच बाळाने फकिराला लेखणीने अमर करून ते ऋण फेडले, असे म्हणावे लागेल.

या कादंबरीत मानवी हक्काचा जो मुद्दा आहे, तो आपण नीट समजून घ्यावा. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरत नाही, जन्मावरून तो अस्पृश्यही ठरत नाही. सरकारी कायद्याने पहिली गोष्ट ठरवली होती, धर्मशास्त्राने दुसरी. दोन्हींच्या मुळाशी एकच खोटेपणा आहे. माणूस त्याच्या कर्माने ओळखला जावा, जन्माने नव्हे, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. बाबासाहेबांनी त्यासाठी मनुस्मृती जाळली आणि राज्यघटना लिहिली. अण्णा भाऊंनी तोच विचार एका कथेत घालून चावडीपर्यंत आणि चुलीपर्यंत नेला. बाबासाहेबांच्या लेखणीला आपली कादंबरी त्यांनी का वाहिली असेल, याचे उत्तर इथे सापडते. त्या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि १९६३ साली तिच्यावर चित्रपट निघाला.

त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचली नसेल तर जरूर वाचावी. भीमा नावाचा धिप्पाड माणूस खाणीत काम करतो. खाण बंद पडते, घरात चूल थंडावते, आणि तो रात्री स्मशानात जाऊन प्रेतांच्या राखेत नि मढ्यांच्या अंगावर सोने शोधू लागतो. एका रात्री मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती त्याला गमवावी लागतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. पण आता पहार धरायला बोटेच नाहीत! माणसाला काम नाकारले की त्याची माणुसकीच कशी स्मशानात ढकलली जाते, हे एवढ्या थोड्या पानांत क्वचितच कोणी दाखवले असेल. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा, हलकी कामे सोडा, असे आपल्या लोकांना बजावले होते. ते सोडायचे तर हाताला मानाचे काम पाहिजे, ही त्याच उपदेशाची दुसरी बाजू अण्णा भाऊंच्या कथेत दिसते.

स्त्रियांविषयी त्यांची लेखणी तेवढीच हळवी आणि तेवढीच कठोर होती. ‘वैजयंता’ या कादंबरीत त्यांनी तमाशात नाचणाऱ्या स्त्रीचे जिणे मांडले. लोक तिच्या कलेला टाळ्या देतात आणि तिच्या अब्रूची किंमत करतात, हा ढोंगीपणा त्यांनी उघडा केला. या कादंबरीवरही १९६१ साली चित्रपट निघाला. त्यांच्या कादंबरीतली बाई गरीब असते, पण ती लाचार नसते.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने, २ मार्च १९५८ रोजी, मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे या पुराणातल्या समजुतीला तिथे त्यांनी धक्का दिला. ही पृथ्वी दलित आणि कष्टकरी माणसांच्या तळहातावर तोललेली आहे, अशा आशयाचे त्यांचे ते भाषण पुढे पिढ्यान्‌पिढ्या आठवले गेले. बाबासाहेबांच्या पश्चात त्यांनी रचलेल्या भीमरावांवरील गीतानेही तेच केले. ते गीत आजही भीमजयंतीला वस्त्यावस्त्यांतून गायिले जाते. गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की ते एका मातंग शाहिराचे आहे?

इथे एक प्रश्न कोणाच्याही मनात येईल. अण्णा भाऊ कम्युनिस्ट चळवळीतले. आणि बाबासाहेबांनी तर नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात बुद्धाचा मार्ग आणि मार्क्सचा मार्ग यांतला फरक स्पष्ट सांगितला होता. मग अण्णा भाऊंना आपले कसे म्हणावे? बंधूंनो, हा फरक लपवण्याचे कारण नाही. मार्ग वेगळे होते. हिंसेने आणि सक्तीने आलेली समता टिकत नाही, मन बदलल्यावाचून माणूस बदलत नाही, असे बाबासाहेबांचे सांगणे होते, आणि आपण त्यांच्या मार्गाने चाललो आहोत. पण मार्ग वेगळा म्हणून माणूस शत्रू होत नाही. अण्णा भाऊ लाल बावट्याखाली उभे राहूनही बाबासाहेबांच्या लेखणीपुढे नम्र झाले. आपण निळ्या झेंड्याखाली उभे राहून अण्णा भाऊंच्या लेखणीचा मान राखला, तर आपले काही कमी होणार नाही.

१९६१ साली अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले. तिकडे त्यांचे लेखन आधीच पोहोचले होते. परत आल्यावर त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. पण घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी काही सुटली नव्हती. पुस्तकांच्या आवृत्त्या निघत होत्या, कादंबऱ्यांवर चित्रपट येत होते, आणि लेखक पत्र्याखाली बसून लिहीत होता. अखेरच्या काळात त्यांना गोरेगावला घर मिळाले, पण ते सुख फार दिवस लाभले नाही. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तिथेच त्यांचा अंत झाला. ज्या समाजाने त्यांची गाणी डोक्यावर घेतली, त्याने त्यांच्या चुलीची चौकशी वेळेवर केली नाही. आपल्यातल्या गाणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाला जिवंतपणी विचारावे, हा धडा आपणही घ्यावा.

मृत्यूनंतर मान मिळाला. १९८५ साली त्यांच्या नावे राज्य सरकारने विकास महामंडळ काढले. १ ऑगस्ट २००२ रोजी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. २०२० साली जन्मशताब्दी झाली आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. पुतळा दूर देशी उभा राहिला ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्या गावात दोन वस्त्यांमधली भिंत पडली का, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न टाळता येणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि आपल्या वस्त्या पेटल्या. त्या ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावात पोचीराम कांबळे यांना जिवे मारण्यात आले. जयभीमचा उच्चार त्यांनी सोडला नाही. पोचीराम मातंग समाजाचे होते. बाबासाहेबांच्या नावासाठी मराठवाड्यात ज्यांनी प्राण दिले, त्यांच्यात हे नाव पहिल्या ओळीत आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले, त्यात या रक्ताचाही वाटा आहे. अण्णा भाऊंनी लेखणीने जे नाते जोडले, ते पोचीरामांनी प्राण देऊन पक्के केले. आता त्या नात्याला आपण काय जोडणार?

बंधू-भगिनींनो, तुम्ही दीक्षा घेतली तेव्हा बावीस प्रतिज्ञा घेतल्या. सर्व माणसे समान आहेत असे मी मानीन, ही त्यांतलीच एक. ती प्रतिज्ञा सवर्णांनी आपल्याला समान मानावे एवढ्यासाठी नाही. आपण ज्याला खालचा समजत आलो त्यालाही समान मानावे, यासाठी आहे. जुनी जात टाकली आणि जुना गर्व मात्र गाठीला बांधून आणला, तर दीक्षा अर्धीच राहिली.

म्हणून एवढे करा. येत्या १ ऑगस्टला शेजारच्या वस्तीत जयंती होईल. बोलावण्याची वाट न पाहता बायका-मुलांसह जा. तिथल्या माणसांना बुद्धजयंतीला आणि १४ एप्रिलला मानाने बोलवा. त्यांच्या घरचा चहा घ्या, त्यांना आपल्या घरी पंगतीला बसवा. त्यांची पोरे शाळेतून गळत असतील तर आपल्या विहारातल्या अभ्यासाला त्यांनाही बसवा. धम्माचा उपदेश करण्याची घाई करू नका. आपली वागणूक पाहून कोणाला धम्म जाणून घ्यावासा वाटला, तर तो खरा प्रसार.

आणि घरात एक ‘फकिरा’ आणा. रात्री जेवणे झाल्यावर ज्याला वाचता येते त्याने दोन-चार पाने मोठ्याने वाचावीत, बाकीच्यांनी ऐकावीत. म्हाताऱ्यांना हजेरी आठवेल, तरुणांना ती कळेल. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने लिहिलेले ते पुस्तक तुमच्या दहावी-बारावी शिकणाऱ्या मुलीच्या हातात पडले की अण्णा भाऊंची पायपीट सार्थकी लागली, असे समजा.

जयभीम.